नजर ठेवावी लागते

"आधी हात धू. साबण लाव नीट."

काकूंनी फोन पुढे केला आणि परत मागे घेतला. मी सिंककडे वळले. सकाळपासून ह्याच हातांनी त्यांची कणीक मळली, भाजी चिरली, काकांच्या पथ्याची पेज केली. तेव्हा कोणी साबण म्हणालं नाही. फोनला हात लावायचा तर साबण. धुतले मी. ओढणीला पुसायला गेले तर म्हणाल्या, "ओढणीला नको गं, नॅपकिन घे." नॅपकिन पण घेतला. भांडायला अंगात जीव लागतो, आणि दुपारी एक वाजता माझ्यात तो नसतो.

शिरगावात नव्या बिल्डिंगी झाल्यात, त्यातल्या एकीत मी चार वर्षं स्वयंपाकाला होते. काका अंबरनाथच्या कुठल्याशा कंपनीतून ऑफिसर म्हणून रिटायर झालेले. काकू बोलायला गोड. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मॅडम-बिडम नको, काकू म्हण. तू आमच्या घरातलीच." घरातलीच, म्हणून त्यांच्या फोनचं सगळं माझ्यावर. फोन हँग झाला, हाक मार तिला. ओटीपी येत नाही, हाक मार. टीव्हीला वायफाय लागेना, काकांचा कॉम्प्युटर प्रिंट देईना, पोळ्या अर्धवट टाकून जा. मी जायची.

मला तरी कुठं काय येत होतं! येतं ते लताला. लता माझी शाळेपासूनची मैत्रीण. उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये मोबाईलच्या दुकानात काउंटरला असते. सिंधी शेठकडे राहून तिची जीभ अशी झालीय की एका वाक्यात हिंदी-मराठी दोन्ही. मी इकडून माझ्या फोनवर स्पीकर लावायचा, ती तिकडून गिऱ्हाईक सांभाळत सांगायची, "पहले बंद करके चालू कर. हुआ? नाय? मग सेटिंगमध्ये जा. घाबरू नको, फुटत नाय तो." असं करत करत शिकले. शेजारणी म्हणायच्या, "हुशार आहे हो तुमची बाई." म्हणायच्या काकूंना. मी तिथेच लाटणं घेऊन उभी असायची.

त्या दिवशी काकूंचं गेटचं ॲप बिघडलं होतं. खालून वॉचमनचा कॉल येतो तो वाजत नव्हता. कोण आलं, कोण गेलं, कामवालीने किती वाजता एन्ट्री केली, सगळं त्या ॲपात दिसतं. ते त्यांच्या फोनमध्ये मीच घातलेलं, लताला विचारून. पाण्याच्या बाटल्या आणणाऱ्याला स्टार कसे द्यायचे, खाली दोन शब्द कुठे लिहायचे, हेसुद्धा मीच बोटाने दाखवलेलं. "इथे दाबा काकू, मग इथे लिहा." त्यांना जमलं तेव्हा मलाच आनंद झाला होता. येडी मी.

लताला फोन लावला. ती म्हणाली, "नोटिफिकेशन ऑन कर. केलं? आता ॲप खोल, काय दिसतं बोल."

उघडलं, तर मीच दिसले.

गेटवर वॉचमनने काढलेला फोटो. डोळे अर्धे मिटलेले, कपाळावर घाम. खाली माझं नाव, दोन स्टार, काकूंचा फ्लॅट नंबर. आणि त्यांनी लिहिलेलं, "स्वयंपाक बरा करते. पण नजर ठेवावी लागते."

दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचवेना.

"अगं बोल ना, काय येतंय?" लता विचारत होती. मी फोन कट केला.

तारीख दिवाळीच्या आधीची होती. म्हणजे कानातल्याच्या वेळची. काकूंचं मोत्याचं कानातलं हरवलं आणि माझी पिशवी ओट्यावर उलटी केली गेली. डबा, कंगवा, पाळीचं पॅड, सगळं बाहेर. काका बघत होते. दोन दिवसांनी तेच कानातलं वॉशिंग मशीनच्या दाराच्या रबरात अडकलेलं मी काढून दिलं. "अगंबाई, इथे होतं होय!" एवढंच बोलल्या. तेही मी गिळलं होतं. पण लिहिलेलं तसंच राहिलं, आठ महिने, सगळ्या बिल्डिंगला दिसत.

आणि त्याच आठ महिन्यांत मी तिथे आणखी एक घर शोधत होते. पहाटे मी अंबरनाथला आणखी एक काम करते, ते सोडायचं होतं, गुडघे साथ देत नव्हते. पाचव्या मजल्यावरच्या म्हणाल्या, "कळवते हं." सातव्यावर म्हणाले, "सध्या नको." मी आपली नशिबाला बोल लावत होते. आत्ता कळलं ते कुठून येत होतं. अंगाची नुसती आग झाली.

"काकू, हे काय लिहिलंय?"

त्यांनी चष्मा लावला, बघितलं. मला वाटलं, लाजतील. छे!

"अगं ते होय! ते आपलं आतल्या आत असतं. सगळेच लिहितात. मनावर नको घेऊस."

"कानातलं मशीनमध्ये मिळालं ना, काकू."

"हो गं, मग काढायचं राहिलं. मला कुठे जमतंय ते? तूच काढून टाक ना. तुला येतं."

आणि परत फोन माझ्याकडे ढकलला.

येत होतं मला. तीन टिंबं, डिलीट, हो. खोटं कशाला बोलू, बोट तिथपर्यंत गेलं होतं. आठ महिन्यांचा डाग, एका सेकंदात साफ. मग डोक्यात ठिणगी पडली. मी पुसलं तर उद्या हीच बाई सांगत फिरेल, बघा, माझ्या फोनातून स्वतःचं पुसून गेली. आणि नाही सांगितलं तरी काय? मला चोर लिहिणार ह्या, आणि पुसायचं मी? ह्या घरातलं सगळं खरकटं मी पुसते. आता हेही?

"मी नाही काढणार. तुम्ही लिहिलंय, तुम्ही काढा. आणि तिथेच लिहा, कानातलं मशीनमध्ये होतं, हिने शोधून दिलं."

"मला येत नाही म्हटलं ना!"

"लिहिताना आलं होतं."

काकूंचा गोड आवाज कुठल्या कुठे गेला. "फोन बघायला सांगितला तर डोक्यावर बसायला लागली! जरा जवळ केलं की हे असं."

मी त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून उभी राहिले. चार वर्षांत पहिल्यांदा. जागची हलले नाही. त्यांनी काही फोनला हात लावला नाही. मग मी गॅस बंद केला, पिशवी घेतली आणि निघाले.

संध्याकाळी लताला सगळं सांगितलं. आधी ती रडली. "ते स्टारचं मीच शिकवलं ना गं तुला." मग काकूंना चार कचकचीत शिव्या घातल्या आणि म्हणाली, "नंबर दे तिचा. शेठच्या दुकानातला पोऱ्या काहीतरी जुगाड करेल." मी नको म्हटलं. चोरून काही करायचं नाही. चोरून त्यांनी केलं.

ते वाक्य अजून तिथेच आहे. त्याच मजल्यावर भांडी घासणारी सांगते. अंबरनाथचं पहाटेचं काम सुटलेलं नाही. घरी येऊन भिंतीला टेकले की उठवत नाही, लेक म्हणते, आई, जाऊ दे ना आता. नाही जाऊ देणार. नव्या घरी काम विचारायला गेले की आधी दारात सांगते, तुमचं गेटचं ॲप उघडा, माझ्याबद्दल काय लिहिलंय ते मला वाचू द्या, मग माझ्या तोंडून ऐका, मग ठरवा. दोघींनी दार लावून घेतलं. एक म्हणाली, "फारच शहाणी आहेस." आहेच. माझ्याबद्दल लिहिलेलं मला न दाखवणाऱ्या कोणाच्याही घरी ह्यापुढे मी चूल पेटवणार नाही. दाखवेपर्यंत मी दाराबाहेर. चपला पायात ठेवून.