घाटात मुलगा ऐकण्याचा कार्यक्रम

लोक मुलगा बघायला जातात. धारूरचे इलियास मिस्त्री मुलगा ऐकायला जायचे. तेही मुलाच्या घरी नाही, तर घाटाच्या शेवटच्या वळणावर, आपल्या गॅरेजपासून हाकेच्या अंतरावर, कठड्याला पाठ लावून आणि डोळे मिटून. अट एकच होती. मुलानं माल भरलेला ट्रक घेऊन तेलगावच्या बाजूनं घाट चढायचा. रंगरूप, खानदान, शिक्षण हे सगळं नंतर.

लेक द्यायची तर ट्रकवाल्यालाच, हे त्यांचं पहिल्यापासून ठरलेलं होतं. ट्रकवाले फार गुणी असतात अशातला भाग नव्हता. दुसऱ्या कुठल्या धंद्यातल्या माणसाची पारख मिस्त्रींना येत नव्हती, आणि तसं ते मोकळेपणानं कबूलही करत.

"पण आवाजात काय कळतंय बे एवढं?" असं सुंदरराव त्यांना दर वेळी विचारायचे. सुंदरराव हे मिस्त्रींचे बालमित्र. तीस एकर रान, दोनदा पंचायत समितीला पडलेले, त्यामुळे दिवसभर मोकळे. बसायला त्यांना गॅरेजातला जुना टायरच लागायचा.

"असं बघा," मिस्त्री सांगायचे, "गाडी रिकामी असली की तिला डिझेल लागतंय चमचाभर. आतली भट्टी कोमट. थेंब पडला की लगेच पेटत न्हाई, जरासा थांबतो आन मग एकदम भडकतो. म्हून ती टकटक. माल भरला, चढ लागला, की चमच्याच्या जागी पळी येती. भट्टी तापती. पडलं की पेटलं. मग टकटक दबती आन आवाज पोटातून येतो. भरीव. वरून टर्बोची शिट्टी."

"म्हंजे उथळ पाण्याला खळखळाट फार."

"तसंच. रिकामी गाडी कुणीबी चालवतंय, सुंदरराव. माणूस कळतो तो लोडवर."

हे ऐकायला छान होतं. पण या न्यायानं वर्षभरात तीन मुलं घाटातच बाद झाली. पहिला बीडचा. त्यानं गिअर उशिरा बदलला, इंजिन गुदमरलं. "इंजिनाला रडवणारा बायकूला काय हसवणार?" असं म्हणून मिस्त्री कठड्यावरून उठले. दुसरा परळीचा. तो ताडपत्री ताणून बांधून रिकामाच आला, आणि ट्रक दिसायच्या आधीच मिस्त्रींनी त्याचा खोटेपणा ओळखला. तिसऱ्यानं चढाला एवढा ॲक्सिलेटर दिला की काळ्या धुरात सुंदररावांचा पांढरा सदरा वाया गेला. त्याला बाद करताना तर सुंदररावांनीही हात वर केला.

"ह्यांना जावई नको, इंजिन पायजे," असं अजमतबी शेजारणींना सांगायच्या. त्या मिस्त्रींच्या बायको. नवऱ्याचा आवाज तर मुलीला पहिलं स्थळ आलं त्या दिवसापासूनच बदललाय, हेही त्या सांगायच्या, पण ते हळू.

मुलगी अस्मा. वय सव्वीस, उर्दू शाळेत शिक्षिका. चाळीस पोरं नुसत्या नजरेनं गप्प करणारी, पण बापापुढं तिचं काही चालत नव्हतं. चौथं स्थळ आष्टीच्या आमेरचं आलं, तेव्हा मात्र तिनं पदर खोचला. आमेरला तिनं मावसबहिणीच्या लग्नात पाहिलं होतं, दोन शब्द बोलली होती, आणि तो तिला आवडला होता. सेकंडहँड का होईना, स्वतःचा दहा टायरचा ट्रक होता त्याच्याकडं.

"अब्बा, तुमी ऐका खुशाल," ती म्हणाली. "पण ह्यो नापास झाला तर मी पाचवा बघणार न्हाई. मग बसा कठड्यावर जलमभर."

त्या दिवशी मिस्त्री दोन घास कमीच जेवले.

रविवारी सकाळी आमेर आष्टीचा कांदा भरून लातूरला निघाला आणि ठरल्याप्रमाणे धारूरचा घाट धरला. बातमी त्याच्या आधीच घाटात पोचली होती. त्यामुळे त्या दिवशी येणारा जाणारा प्रत्येक ड्रायव्हर नवरदेव असल्यासारखा चालवत होता. कुणी हॉर्न वाजवेना, कुणी गिअर खरडेना. पन्नाशीच्या, चार लेकरांच्या एका बापानं तर वळणावर गाडी हळू करून खिडकीतून विचारलं, "मिस्त्री, आमी कसे वाटलो?"

"पुढं चला!" सुंदरराव खेकसले.

दहाच्या सुमाराला खालून आवाज आला. मिस्त्रींनी डोळे मिटले. गॅरेजच्या पायरीवर अस्मा आणि अजमतबी उभ्या होत्या. सुंदररावांनी एक डोळा मिटला, कारण दुसऱ्यानं त्यांना अस्माचं तोंड बघायचं होतं.

पोरगा चालवत मात्र सुरेख होता. चढ लागायच्या आधीच त्यानं गिअर उतरवला. इंजिनाला ना ओढलं, ना पिटाळलं. वळणावर समोरून एस.टी. आली, तेव्हा सोळा टन कांद्यासकट चढावर थांबला आणि वीतभरही मागं न घसरता निघाला. सुंदररावांच्या तोंडून "वा!" निघून गेलं.

मिस्त्रींच्या कपाळाला मात्र आठी पडली. भरीव आवाजाच्या खालून काहीतरी येत होतं. टक, टक, टक. लोडवर, भर चढाला, टकटक! शिजलेल्या भातात खडा लागावा तसं त्यांना झालं, आणि खरं सांगायचं तर मनातून थोडं बरंही वाटलं.

"नापास," ते म्हणाले.

अस्मा पायरीवरून खाली आली. मिस्त्री गॅरेजकडं आले, सुंदरराव आपल्या टायरवर टेकले. आमेरनं गॅरेजसमोर ट्रक लावला, उतरून सलाम केला. तिच्याकडं न बघण्याचा त्यानं मनापासून प्रयत्न केला.

"चालवतोस चांगला," मिस्त्री म्हणाले. "पण पंपाचं टायमिंग पुढं हाय. डिझेल वेळंआधी पडतंय, इंजिन आतून हातोडे खातंय. ज्याला सोताच्या गाडीचं दुखणं कळत न्हाई त्याला मी लेक कशी देऊ?"

"कळतंय, चाचा. गाडी घेतली तवापासून हाय ते."

"मग नीट कावून केलं न्हाईस?"

"जुन्या मालकानं ज्यांच्याकडून लावून घेतलं, ते लई मोठे मिस्त्री हायत. त्यांच्या कामावर दुसऱ्या कुणाचा हात फिरवणं बरं वाटंना."

"मोठे मिस्त्री?" इलियास मिस्त्रींना आता चेव आला. "असल्या माणसाच्या हातात पान्हा न्हाई, खुळखुळा द्यावा! गाढवानं आंधळ्या म्हशीची दाढी करावी तसं काम! कोण हाय त्यो? नाव सांग."

"नाव राहू द्या, चाचा."

"घाबरतोस? सुंदरराव, पोरगा भित्राबी हाय!"

त्या तावातच त्यांनी इंजिन उघडलं आणि आत वाकले. पंपाच्या बैठकीवर छिन्नीनं मारलेले तीन ठिपके होते. असे तीन ठिपके साऱ्या बीड जिल्ह्यात एकच माणूस मारायचा, काम पक्कं झाल्याची खूण म्हणून. ट्रकला नवा रंग दिला होता, पण ठिपक्यांना कुणी रंग दिला नव्हता.

मिस्त्री वाकले ते वाकलेलेच राहिले. दिवस त्यांना लख्ख आठवला. आत घरात अस्माच्या पहिल्या स्थळाचं बोलणं चाललं होतं, पाहुण्या बायका हसत होत्या, आणि बाहेर त्यांचा हात पंपावर असला तरी कान भिंतीला होते. पान्हा कुठं थांबला ते बघितलंच नव्हतं. एरवी गाडी घाटात ऐकल्याशिवाय ते कधी सोडत नसत. ही त्यांनी रिकामीच लावून दिली होती, आणि रिकाम्या गाडीच्या टकटकीत काय कळणार?

"काय सापडलं बे?" सुंदररावांनी विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. झाकण लावलं असतं की झालं. आमेर गप्प राहिला असता. तो तर गाडी घेतल्यापासून गप्पच होता. मिस्त्रींना पोराचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि मग एवढी शरम वाटली की कानाच्या पाळ्या तापल्या.

"त्यो गाढव सापडला," ते सरळ होत म्हणाले. "मीच हाय."

सुंदरराव टायरवरून पडता पडता वाचले. तीस वर्षांत या माणसानं स्वतःची चूक कबूल केल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. अजमतबींनी पदर तोंडावर धरला, पण खांदे हलत होते ते सगळ्यांना दिसले.

मिस्त्रींनी स्वतः बोल्ट सैल केले, पंप केसभर मागं फिरवला, पुन्हा आवळला. आमेरला मदतीला हात लावू दिला नाही. मग पहिल्यांदाच कठड्याकडं न जाता ते क्लीनरच्या बाजूनं केबिनमध्ये चढले. ट्रक घाट उतरला, खाली वळला आणि पुन्हा चढायला लागला.

वर आला तेव्हा सगळे वाटच बघत होते. मिस्त्री उतरले. त्यांचे डोळे लाल झाले होते. धुळीनं, असं सुंदररावांनी लगेच जाहीर करून टाकलं. आमेर समोरच्या काचेतून रस्त्याकडं बघत राहिला होता. अख्ख्या घाटात त्यानं एकदाही मान वळवली नव्हती.

"मग?" अजमतबींनी विचारलं. "कसा होता आवाज?"

"काय की," मिस्त्री म्हणाले. "ऐकलाच न्हाई."

आणि ते अस्माकडं वळले. तिनं उत्तरं तयार ठेवली होती. वर्षभराची, एकाहून एक खरमरीत.

"येती ईद इथं कर," मिस्त्री तिला म्हणाले. "मग जा आष्टीला."

अस्मानं तोंड उघडलं, पण तिला त्यातलं एकही आठवेना.