तोंड तर माझंच हाय

बारामतीत ब्लाउज शिवणाऱ्या लैलाबींना नवरा गेल्यावर वर्षभरानं आवाज ऐकू येऊ लागले. मशीनवर बसलं की कुणीतरी कानाशी म्हणायचं, "तूच मारलंस त्याला." शेवटी भाची मेहरीन त्यांना मनोविकारतज्ज्ञ डॉ. राजवर्धन यांच्याकडं घेऊन गेली. औषधं लागू पडली. आठ महिन्यांत आवाज थांबले, तुटलेली गिऱ्हाइकं परत आली. त्या ईदला लैलाबींनी दवाखान्यात डबा भरून शीरखुर्मा पाठवला.

एकदा डॉक्टरांनी मोबाइलचा कॅमेरा समोर लावला. "तुमचं बोलणं रेकॉर्ड करतो. फक्त माझ्या अभ्यासासाठी."

"करा की. तुमच्यापासनं काय लपवायचं?" असं म्हणून लैलाबींनी कुणाला न सांगितलेलंही रडत रडत सांगून टाकलं.

पुण्यात नर्सिंग शिकणाऱ्या मेहरीनला ते रेकॉर्डिंग वर्गात दिसलं. मनोविकारतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेच्या अधिवेशनात डॉक्टरांनी भाषण केलं होतं. त्याचा व्हिडिओ संघटनेच्या वेबसाइटवर होता, तोच शिक्षकांनी वर्गात लावला होता. डॉक्टरांच्या मागं, भल्यामोठ्या पडद्यावर, तिची खाला, लैलाबी, रडत होती. चेहरा उघडाच.

कळल्यावर लैलाबी तडक दवाखान्यात गेल्या.

"अहो, तुमचं नाव कुठं घेतलंय मी?" डॉक्टर म्हणाले.

"नाव न्हाय घेतलं. पण तोंड तर माझंच हाय!"

डॉक्टरांनी बेल वाजवून पुढचा पेशंट बोलावला.

मेहरीननं संघटनेकडं तक्रार लिहिली, लैलाबींनी सही केली. अडीच महिन्यांनी पत्र आलं. संघटनेनं वेबसाइटवरून व्हिडिओ काढून टाकला होता, डॉक्टरांचं सदस्यत्व वर्षभर स्थगित केलं होतं, लैलाबींची माफीही मागितली होती. डॉक्टरकीच्या परवान्याचा निर्णय मात्र आमच्या हातात नाही, त्यासाठी मेडिकल कौन्सिलकडं जावं, असं शेवटी लिहिलं होतं.

"म्हंजी त्यांचा दवाखाना सुरूच ऱ्हाणार?"

"व्हय, खाला. तितं वेगळा अर्ज करावा लागंल."

"कर. पर मला पुन्यांदा सगळं सांगायला लावू नगंस."

तो अर्ज कौन्सिलकडं अजून पडून आहे. लैलाबी आता महिन्यातून एकदा एसटीनं इंदापूरला, दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडं जातात. बाई मायेनं विचारतात. लैलाबी झोपेचं आणि भुकेचं तेवढं सांगतात. नवऱ्याचा विषय निघाला की गोळ्यांची चिठ्ठी मागतात आणि उठतात.