किती टक्के झालं?

यवतच्या पुढं एका ढाब्यामागं चार्जिंगचं मशीन आहे. पुण्याहून दौंडला जाताना मी तिथं गाडी लावतो. केबल जोडली की बाजेवर बसलेले एक म्हातारे आबा काठी टेकत येतात आणि आधी एकच विचारतात, "किती टक्के झालं?"

त्यांच्याकडे साधी सायकलही नाही. टक्के ऐकून ते गोष्ट निवडतात. सत्तर असले तर पाऊसपाणी, वीस असले तर कोकणात मेंढरं नेली तेव्हाच्या लांडग्याची.

एकदा मी विचारलं, "आबा, उन्हात इथं कशाला बसता?"

"मेंढरं हुती तवा शेतकरी लेंडीखतासाठी कळप वावरात बसवायचं. रातभर बोलायला माणूस असायचा. आता मेंढरं गेली, पोरं चाकणला गेली." त्यांनी केबलकडं बोट केलं. "पेट्रोलवाला थांबत न्हाई. ह्या गाडीचा माणूस जागचा हलत न्हाई."

चार्जिंग संपल्याचा फोन वाजला की गोष्टीतला लांडगा मेंढरांच्या जाळीबाहेरच उभा राहतो. "निघा. भरली तुमची."

खरंतर घरून पूर्ण भरून निघालो, तर दौंडला जाऊन परत येता येतं. पण आदल्या रात्री मी गाडी चार्जला लावत नाही.

परवा ते एका गाडीच्या बंद काचेपाशी उभे होते. आतला माणूस कानात हेडफोन घालून डोळे मिटून पडला होता. मला बघून ते वळले.

"किती टक्के?"

"बारा."

"मग बसताय म्हणा," ते म्हणाले, आणि खांद्यावरच्या टॉवेलनं बाज झटकू लागले.