गाडी माझी, कौल काकांचा

मंडळी, मी नोंदवलेली मध्यम वजनाची मोटरसायकल काकांनी परस्पर रद्द करून सर्वांत जड गाडी नोंदवली. जामसंड्याच्या एजंटाने आज दुपारी हे कबूल केलं.

घरी येऊन जाब विचारला.

"देवाक इचारलंय," काका म्हणाले. "हीच गाडी घे म्हणान उजवो कौल दिल्यान."

"काकानू, देवाक खाडी उतरूची नाय! पूल नाय, माका ती रोज होडयेत चढवची लागतली."

"होडयेचो तारी चढवतलो. बारकी घेतलंस तर लोक हसतले रे!"

म्हणजे भीती लोकांची आणि पुढे केला देव! मला तर अजून गाडी नीट सावरताही येत नाही.

उद्या मी नोंदणी पुन्हा बदलणार आहे. मध्यम गाडी अंगणात लावू देणार नाही, असं काकांनी बजावलंय. तुम्ही कुठे लावली असती? मी अंगणातच लावणार.