रुपाचा गुडघा

कंटाळा आला की काहीतरी नवीन करा, असा सल्ला देणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो. सल्ला द्यायला काय जातं? भोगायचं दुसऱ्याला असतं.

मी निवृत्त नर्स. रक्तातली साखर वाढली म्हणून हिंगोलीच्या मोंढ्यामागे, म्हणजे धान्यबाजारामागे, कय्युमभाईंच्या जिममध्ये सकाळी बायकांच्या वेळेला जायचे. जायचे म्हणजे सायकलवर बसून गप्पा मारायचे. कोपऱ्यात मात्र एक पोरगी कोणाशी न बोलता वजनं उचलत असायची. ती रुपा राठोड. मूळची सेनगावकडच्या तांड्यावरची. बाप प्रेमदास मोंढ्यात हमाली करायचा आणि दोघं जवळच एका खोलीत राहायची. आई तांड्यावर शेत सांभाळायची.

शाळेतल्या खेळाच्या सरांनी रुपाला वजन उचलायला शिकवलं होतं. पुढे सरांची बदली झाली. जाताना त्यांनी बजावलं होतं, रोज आधी रिकामा रॉड घ्यायचा, छातीशी आणायचा, कोपरं वर ठेवून खाली बसायचं, उठायचं. हे झाल्याशिवाय रॉडला प्लेट लावायची नाही. पोरगी वर्षानुवर्षं तेच करत होती. समोर तीच पोपडे आलेली भिंत, हातात तोच रॉड. बघून बघून आम्हालाच जांभया यायच्या.

शेवटी तिलाही आली. एक दिवस रॉड खाली ठेवून माझ्या शेजारी येऊन बसली.

"मावशी, मला आता ह्याची ओकारी येऊन राहिली. सपनात बी हीच भिंत दिसते."

"मग दोन दिवस घरी बस."

"बसून कसं जमंल? ह्या वर्षी न्हाई तर मग न्हाईच."

ते खरं होतं. राज्याच्या प्रशिक्षण केंद्रात निवडक मुलींना घेणार होते. राहणं, खाणं, शिकवणं सगळं तिथेच. वयाच्या अटीमुळे रुपाला ही शेवटची संधी होती. भावकीतल्या लोकांनी तिच्यासाठी मुलगा पाहून ठेवला होता. प्रेमदासने त्यांना निवडीपर्यंत थांबवून धरलं होतं. निवड झाली नाही तर रॉडचं नाव काढायचं नाही, असं बापलेकीचं बोलणं झालं होतं.

कय्युमभाई आमचं बोलणं ऐकत होते. माणूस सोन्यासारखा. रुपाकडून त्यांनी कधी फी घेतली नाही. पण त्यांची उमर गेली आरशासमोर दंड फुगवण्यात. रुपाचा खेळ वेगळा, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"बेटा, बोर हो गई तो कुछ नया कर," ते म्हणाले. "अब्बा के साथ मोंढे में जा, बोरे उठा. मजा भी आएगा, ताकत भी बनेगी."

हळदीचा हंगाम जोरात होता. रुपा मोंढ्यात जाऊ लागली. पहिल्या दिवशी तिने पोतं नुसत्या हातांनी ओढलं आणि हमाल हसले. मग प्रेमदास पुढे झाला.

"हातानं न्हाई गं बाई, कंबर मोडंल. आधी मांडीवर घे. कोपरं टेकव. अन् आता दे गुडघा!"

पोतं खांद्यावर गेलं आणि सगळ्या आडत दुकानांतून टाळ्या पडल्या. त्या दिवसापासून पोरगी बदलली. अंगभर पिवळी धूळ घेऊन जिममध्ये यायची, हसायची, आमची थट्टा करायची. रिकाम्या रॉडला तिने हातच लावला नाही. थेट प्लेटा चढवायची आणि वजन आठवड्यागणिक वाढत होतं. कय्युमभाई प्लेटा मोजून खूश. कोपरांकडे कोण बघणार? मी तर तिच्यासाठी डिंकाचे लाडू नेत होते.

निवडीला सोबत बाई हवी म्हणून मी गेले. प्रेमदास धुवट धोतर नेसून वर प्रेक्षकांत बसला. दोन प्रकारांपैकी दुसऱ्यात, जिथे रॉड आधी छातीशी घेऊन मग डोक्यावर न्यायचा असतो, तिथे रुपाने तीन खेपांपैकी पहिल्याच खेपेला वजन डोक्यावर नेऊन दाखवलं. पंचांचे दिवे लाल लागले. मी पंचांशी भांडायला गेले.

"ताई, वजन उचललं हो तिने," एक पंचबाई समजावत म्हणाल्या. "पण खाली बसल्यावर कोपर गुडघ्याला टेकवलं. ते चालत नाही. सांगा तिला."

मी सांगितलं. तिला ते आधीच कळलं होतं. सरांनी घोटून घेतलेलं ती विसरली नव्हती. दुसऱ्या खेपेला तेच झालं. तिसऱ्या खेपेआधी ती डोळे मिटून "कोपरं वर, कोपरं वर" पुटपुटत होती. रॉड छातीशी आला, ती खाली बसली, कोपरं गुडघ्यांवर उतरली आणि गुडघ्यांनी वजन वर रेटलं. रॉड डोक्यावर स्थिर झाला. प्रेमदास वरून आनंदाने ओरडत होता. दिवे लाल.

एवढ्या वजनाला तिथे दुसऱ्या कोणीही हात लावला नव्हता. तरी तिचं नाव यादीत आलं नाही.

"मला कळत होतं मावशी," कपडे बदलताना ती म्हणाली. "पण वजन आलं की अंग माझं ऐकतच न्हाई." मग माझा हात घट्ट धरला. "बापूला सांगू नका."

परतीच्या एसटीत प्रेमदास आमच्या पुढच्या बाकावर बसला होता. त्याने तिकिटं काढली. मग मागे वळला. लेकीच्या मनाला लागू नये म्हणून बेताच्या आवाजात बोलला.

"वरून बराबर दिसत न्हवतं बाई, पण मला वाटते तू गुडघा द्यायला कमी पडलीस. मी शिकवला तसा नेट लावून दिला असतास ना, तर झालं असतं."

माझ्या जिभेवर आलं होतं. रुपाने माझ्या मनगटात नखं रुतवली.

"व्हय बापू," ती म्हणाली. "तितंच चुकलं माझं."