पडद्यामागचा माणूस

आता काय सांगू भिया तुम्हाला! तीस वर्षं प्रेक्षकांनी माझं तोंड कधी पाहिलं नव्हतं. आणि पाहिलं ते एकदम पुण्यापासून नागपूरपर्यंत सगळ्यांनी. तेही बनियनमध्ये!

मी आमच्या नाटक मंडळाचा प्रॉम्प्टर. परदेशीपुऱ्यात आमची मिल चालू होती तेव्हा तिथल्याच हॉलमध्ये नाटकं व्हायची. मिल बंद पडली, नोकरी गेली, हॉलला कुलूप लागलं. पण गणपतीतलं नाटक आम्ही सोडलं नाही, राजेंद्र नगरात कोणाच्याही गच्चीवर करायचो. मग आला तो कोरोना. आमच्या दिग्दर्शिका मंदाताई फोनवर म्हणाल्या, "काका, यंदा ऑनलाइन करू. तुम्ही आराम करा. सगळ्यांसमोर वही उघडी असणार, प्रॉम्प्टरची जरूरत नाही."

आराम? मिलनंही असंच गोड बोलून घरी बसवलं होतं.

"मिलनं काढलं, आता तुम्हीपण काढा! आणि शिरीष अडकला म्हणजे?" शिरीष म्हणजे आमचा हीरो. दुसऱ्या अंकात हटकून अडकतो.

मंदाताई विरघळल्या. "बरं बाबा, बसा. पण दिसू नका."

अहो, हे प्रॉम्प्टरला शिकवायचं? मी बैठकीच्या दाराचा पडदा ओढला आणि मागे स्टूल टाकून बसलो. झाली विंग तयार! फक्त फोनही पडद्यामागे सोबतच घेतला. डब्याला टेकवून, अगदी तोंडासमोर.

नाटक सुरू झालं. शिरीषनं तोंड उघडायच्या आत मी वाक्य दिलं. मग हिरॉइनचं दिलं. तिचा रडायचा सीन आला तेव्हा थोडा रडलोही, सवय आहे. आता त्या मेल्या ॲपमध्ये जो बोलेल त्याचाच चेहरा मोठा दिसतो, हे मला कोण सांगणार?

मधेच मान वर केली, तर छोट्या चौकोनात शिरीषचा हात कानाला. हिरॉइनचा कानाला. मंदाताईंचे तर दोन्ही हात! आमच्या मंडळात कानाला हात म्हणजे 'ऐकू येत नाही, जोरात दे'. म्हटलं, बघा, प्रॉम्प्टर नको होता ना? दिला आवाज चढवून!

ते बिचारे कान धरून विनवत होते हो!

मंदाताईंचा फोन आला, मी कापला. प्रयोग चालू असताना फोन? काही शिस्त आहे की नाही! तेवढ्यात बायको पडद्यात डोकं घालून म्हणाली, "अहो, कचोरी गार होतेय." ती पण डायलॉग देता देता संपवली.

नाटक संपलं आणि पुण्याहून मेहुण्याचा फोन.

"भाऊजी, एकपात्री झकास केलंत! पण तुमच्यामागून तीच वाक्यं परत म्हणणारे ते लोक कोण होते? पुढच्या वेळी काढून टाका त्यांना, काही जरूरत नाही. तुम्ही फक्त बनियन तेवढं बिनभोकाचं घाला."