उसाकडेची सायकलवाट

डोंगराच्या सान्निध्यात माणूस निर्भय होतो. हे वाक्य माझं आहे. सध्या ते आमच्या माळाच्या पायथ्याला, पिवळ्या पत्र्यावर, हिरव्या अक्षरांत उभं आहे. निवृत्त शिक्षक म्हणून फलकाचा मजकूर गावानं माझ्यावर सोपवला. खरं तर आमच्या न्हावऱ्याच्या आसपास डोंगर म्हणावा असा डोंगर नाही. आमची ती टेकडी आहे, आणि तिच्या माथ्यावरून जास्तीत जास्त काय दिसत असेल, तर ऊस.

कल्पना माझ्या लेकीची. ती रांजणगावच्या एका कंपनीत इंजिनिअर आहे आणि रविवारी जाड टायरची सायकल घेऊन माळावर जाते. तिचं म्हणणं, ही वाट नीट आखली, तर पुण्याचे लोक येतील, दौंडपर्यंत रेल्वेनं सायकली आणतील, गावात पिठलं-भाकरी खातील, घराघरात चार पैसे येतील. सरपंचांना हे लगेच पटलं. लगोलग समिती झाली, समितीची बैठक झाली, बैठकीला हार आणि श्रीफळ झालं.

लेकीनं वाट फक्त माळावरून आखली होती. सरपंच नकाशा बघून म्हणाले, "ताई, नुसत्या माळावर पाव्हण्यांनी काय बघायचं? दगडं? खाली उसातनं काढा की वाट. जरा हिरवंगार दिसू द्या!"

"मामा, उसात नको," ती म्हणाली.

"आवं, दिवसाची वाट हाय. दिवसा काय व्हतंय?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही. मी तेव्हा 'सान्निध्यात' शब्दातल्या दोन न-कारांचा विचार करत होतो. लेक एकटी पडली, आणि मग हट्टाला पेटून म्हणाली, "बरं. आधी मी चालवून बघते."

आमच्याकडे पोराला चालता येऊ लागलं, की दोन गोष्टी शिकवतात. उसाकडेनं जाताना मोठ्यानं बोलत जायचं, आणि वाकायचं नाही. उसात बिबट्या असतो, आणि तो उंची बघतो. उभा माणूस त्याला शिकार वाटत नाही. बसलेला, वाकलेला माणूस शेळीएवढा दिसतो. म्हणून खुरपायला जाणाऱ्या बाया आता गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालतात. हे सगळं समितीतल्या प्रत्येकाला पाठ होतं. आणि असल्या सायकलवर उतारानं येणारा माणूस हँडलवर पाठ आडवी करून येतो, हेही प्रत्येकानं पाहिलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी कुणाच्याही डोक्यात आल्या नाहीत. बैठकीत असं होतं.

रविवारी सकाळी मी फलकाखाली उभा राहिलो. "वीस मिनिटं, अण्णा," असं सांगून ती पलीकडच्या बाजूनं टेकडी चढली होती. पस्तीस मिनिटं झाली. शेजारी कांद्यात एक मावशी खुरपत होती. गळ्यात पट्टा, खिळे बाहेर. ती उठून उभी राहिली.

"गुरुजी, सायकलवाली तुमचीच ना? मघाशीच उतरली की माळावरनं. उसात शिरलेली बघितली म्या."

"मग बाहेर का आली नाही?"

मावशीनं उसाकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "पार वाकून चालली व्हती वो."

मी फोन लावला. रिंग वाजली. माझ्या कानात वाजली, आणि पुढं, उसाच्या वळणामागंही वाजली. कुणी उचलला नाही.

मी आत गेलो. वाट दोन हातांची, दोन्ही बाजूंना ऊस डोक्यापेक्षा उंच. वारा नव्हता, तरी पाचट मध्येच कुरकुरायचं आणि थांबायचं. मोठ्यानं बोलायचं, हे आठवलं. चाळीस वर्षं भाषा शिकवलेल्या माणसाच्या तोंडात एक वाक्य येईना. शेवटी मी एकोणतिसाचा पाढा म्हणायला लागलो. एकोणतीस सत्तेवर अडखळलो, तर स्वतःच्या गप्प होण्याचीच भीती वाटली, म्हणून तेच पुन्हा म्हटलं. फोन पुन्हा लावला. रिंग आता जवळ होती, जमिनीलगत.

वळणावर ती दिसली. उकिडवी बसली होती, उसाकडे पाठ करून, चाकावर वाकून. फोन मातीत.

"ऊठ!" मी ओरडलो. तिच्यावर मी जन्मात असा ओरडलो नव्हतो.

"बाभळीचा काटा शिरलाय, अण्णा. दोन मिनिटं. हात बरबटलेत, म्हणून फोन..."

"आधी उभी राहा!"

ती उभी राहिली. माझ्याकडे बघितलं, मग उसाकडे, मग स्वतःच्या बसल्या जागेकडे. तिचा चेहरा उतरला. सायकल तिनं खांद्यावर घेतली. आम्ही परत फिरलो.

"पाढा म्हण," मी म्हणालो.

"कितीचा?"

"कितीचाही."

ती सतराचा म्हणत होती, मी एकोणतिसाचा. वीसेक पावलांवर ती सतरा चोकवर थांबली. ओल्या मातीत माझ्या चपलेचा ठसा होता, थोड्या वेळापूर्वीचा. त्याच्या टाचेवर एक पंजा उमटला होता. गोल, नखांशिवाय, आणि इतका ताजा, की त्याच्या कडेची माती अजून सुटत होती.

"अण्णा, हा तुमच्या मागनं आला होता."

मी पुढचा आकडा म्हटला. बरोबर होता की नाही, माहीत नाही. कांद्यातल्या मावशीचा पट्टा उन्हात चमकताना दिसेपर्यंत आम्ही दोघं ओरडत होतो.

दुसऱ्या बैठकीत लेक उभं राहूनच बोलली. उसातली वाट रद्द, नाहीतर मी नाही. सरपंचांनी ठसा स्वतः जाऊन पाहिला होता. त्यांनी नकाशावरची उसातली रेघ खोडली. मग म्हणाले, "ताई म्हणत्यात तसं. वाट माळावरनंच." मावशी बाहेर दारात उभी होती. ती म्हणाली, "आन् आमी कुठनं जायचं?" याची नोंद इतिवृत्तात नाही.

फलक मात्र काढला नाही. रंग नवा होता. वनखात्याला गाडी उभी करायला सपाट जागा तेवढीच सापडली, म्हणून बिबट्यासाठीचा पिंजरा बरोबर त्या फलकाखाली ठेवला आहे. आत शेळी असते. भीतीनं ती चाऱ्याला तोंड लावत नाही, म्हणून रोज सकाळी बदलतात.